थारचे वरचे कंट्रोल आर्म: एक अख्खा पावसाळा वापरल्यानंतर

माझी 2020 नंतरची, म्हणजे पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाक वरच्या आणि खालच्या अशा दोन कंट्रोल आर्मवर धरलेलं सस्पेन्शन) असलेली थार आहे. रोजचं पुणे, आणि सवड मिळाली की ताम्हिणी, इगतपुरी, कोकणातले कच्चे रस्ते. दोन इंचांची लिफ्ट टाकल्यावर, म्हणजे सस्पेन्शन तेवढं उंच केल्यावर, ताशी 80 किमीच्या वर स्टीअरिंग सैल वाटू लागलं. वळणानंतर ते आपसूक मधोमध येईना आणि पुढचे टायर एका कडेने झिजायला लागले.

कारण सरळ आहे. गाडी उचलली की वरचा आणि खालचा, दोन्ही आर्म जास्त खाली झुकतात. कॅस्टर (स्टीअरिंगच्या अक्षाचा मागचा झुकाव, त्यानेच स्टीअरिंग मधोमध परत येतं) कमी होतो, कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) मापाबाहेर जातो. आर्मला चाकाकडे जोडणाऱ्या वरच्या बॉल जॉइंटची हालचाल शेवटाला पोचते, आणि खड्ड्यात चाक पूर्ण लोंबलं की जॉइंट अडतो. म्हणून मी फक्त वरचे आर्म बदलले. गाडीचं वजन स्प्रिंगमार्फत खालच्या आर्मवर येतं. तो कंपनीचाच ठेवला.

बाजारात सगळे पाइपची जाडी आणि रंग दाखवतात. तुम्ही टोकं बघा. आर्म वाकल्याची उदाहरणं क्वचितच, टोकं झिजल्याची पावलोपावली. बाहेरच्या, चाकाकडच्या टोकाला युनिबॉल (धातूचा उघडा गोल सांधा) आहे की रबरी बूट असलेला सीलबंद बॉल जॉइंट? युनिबॉल जास्त कोनात फिरतो, वाळवंटी शर्यतींच्या गाड्यांना तो शोभतो. पण आपल्याकडे पावसाळ्यात लाल चिखल उघड्या सांध्यात शिरतो आणि पॉलिश पेपरसारखा घासत बसतो. मित्राच्या गाडीत पावसाळा सरेपर्यंत खडखड सुरू झाली होती. मी सीलबंद घेतला, ग्रीस निपल असलेला, आणि मुख्य म्हणजे बाजारात सुटा मिळणारा. चिखलातून आल्यावर ग्रीस गनचे दोन-तीन दाब देतो. बूट अजून शाबूत आहे.

आतल्या टोकाला, जिथे आर्म गाडीच्या सांगाड्याला जोडतो, पॉलियुरेथेन बुश (सांध्यातली लवचीक पुंगळी) टाळले. हाताळणी घट्ट होते हे खरं, पण ग्रीस सुकलं की स्पीडब्रेकरवर कुईकुई करतात. रोज गाडी चालवायची तर रबरच बरं. मात्र रबरी बुशचे बोल्ट चाकं जमिनीवर, गाडी स्वतःच्या वजनावर उभी असतानाच शेवटचे घट्ट करायचे. चाकं हवेत लोंबत असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. मिस्त्रीपाशी उभं राहून हे करून घ्या, ठरावीक जोराने आवळणाऱ्या टॉर्क रेंचनेच.

त्यानंतर अलाइनमेंट. कॅस्टर वाढवलेले आर्म असल्याने मोठा फरक पडला: एक्सप्रेसवेवर गाडी सरळ जाते, वळणातून स्टीअरिंग स्वतः परत येतं. टायरची झीजही आता सारखी आहे. खडकांवर चाक खाली लोंबताना जो ठक्क आवाज यायचा तो गेला.

नावडलेली गोष्ट एकच: वेल्डिंगच्या कडांवरचं पावडर कोटिंग उडालं आणि कोकणच्या दमट हवेत तिथे गंज धरला. घासून प्राइमर मारला. विकत घेताना वेल्डच्या कडा बोटाने तपासा.

जिम्नीवाले विचारतात, त्यांच्यासाठी: तुमच्याकडे पुढे दोन्ही चाकं जोडणारा अखंड अ‍ॅक्सल आहे, विशबोन नाहीत. तिथे कॅस्टर दुरुस्तीसाठी अ‍ॅक्सल धरणारे रेडिअस आर्म किंवा त्यांचे ऑफसेट (छिद्र मध्यापासून सरकवलेले) बुश बघावे लागतात. थारचे आर्म विचारूच नका. आणि लिफ्ट नसेल तर थारवाल्यांनीही मूळ आर्मला हात लावू नये. वॉरंटीवर प्रश्न येतो तो वेगळाच.