जुन्या कोब्यावर नवी फरशी: मालात, चिकटवून की वाळूवर?

फरशी कोणती आवडली, हे नंतर बघू. आधी अंगणातल्या कोब्यावर बादलीभर पाणी ओता. ते घराकडे आलं किंवा मध्येच डबकं करून बसलं, तर खालच्या तीनपैकी दोन पर्याय तिथेच बाद. मग दारापाशी टेप लावा. नव्या फरशीपासून भिंतीतल्या डीपीसीपर्यंत (जमिनीची ओल वर चढू न देणारा थर) किमान १५० मिमी अंतर उरायला हवं, नाहीतर पावसाचे उडालेले शिंतोडे भिंतीत ओल धरतात.

सिमेंट-वाळूच्या मालात बसवायची तर ३० ते ४० मिमी माल आणि वर दगडाची जाडी, म्हणजे साधारण ६० मिमी उंची वाढते. पण चुकलेला उतार दुरुस्त करता येतो तो इथेच: दर ८० सेंमीला १ सेंमी, घरापासून दूर. कमी-जास्त जाडीचा नैसर्गिक दगडही मालात सामावून जातो. मेहनत आहे ती तयारीत. गुळगुळीत कोब्याला टाचे मारा (छिन्नीने खडबडीत करा), धुवा, ओला करा, सिमेंटचा घोळ फिरवा. फरशीच्या पाठीलाही तोच. आणि माल पूर्ण पसरा. घाईतला गवंडी चार कोपऱ्यांत आणि मध्ये एकेक गोळा ठेवून फरशी दाबतो. वरून काम छान दिसतं, पण खालच्या पोकळीत पाणी साठतं आणि वजन पडलं की कोपरा तुटतो. काठीने ठोकून बघा, पोकळ आवाज लगेच कळतो.

बाहेरच्या कामाच्या २० मिमी व्हिट्रिफाइड टाइल अॅढेसिव्हने चिकटवल्या तर उंची जेमतेम ३० मिमी वाढते. दारापाशी जागा कमी असेल तर हाच मार्ग. मात्र कोबा सपाट आणि उताराला बरोबर हवा. खड्डे अॅढेसिव्हने भरायचे नसतात. कोबा नव्याने ओतला असेल तर २८ दिवस थांबा.

वाळूवर पेव्हर ब्लॉक मला कोब्यावर फारसे पटत नाहीत. ६० मिमी ब्लॉक, खाली ३० मिमी वाळू, म्हणजे उंची सगळ्यात जास्त. शिवाय झिरपलेलं पाणी कोब्यावर अडतं, वाळू वाहते, ब्लॉक खचतात. सखल जागी कोब्याला आरपार भोकं पाडून खडी भरावी लागते, वर जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, पण वाळू अडवणारं कापड) आणि कडेला पक्की किनार. फायदा एकच, पण मोठा: उद्या पाइप दुरुस्त करायचा झाला तर ब्लॉक उचलून पुन्हा लावता येतात.

कोब्यातला प्रसरण सांधा (उन्हाने फुगायला सोडलेली फट) मालात किंवा अॅढेसिव्हवर बसवलेल्या फरशीतही त्याच रेषेत मोकळा ठेवा. तो बुजवला तर वरची फरशी त्याच जागी तडकते. केसाएवढी, स्थिर भेग चालते. पण भेगेची एक बाजू वर, एक खाली असेल तर कोबाच हलतोय. तसंच उतारही चुकलेला आणि दारापाशी जागाही नाही, असं असेल तर कोबा फोडूनच काम करा.