खडपावरचा मासा: होडी नांगरावर ठेवावी की वाहती सोडावी?

हतनूरच्या बॅकवॉटरला किंवा प्रकाशाला तापीत गळ टाकून बसणारे आपल्या खान्देशात कमी नाहीत. रोहू, कटला, वाम, शिवडा हे सगळं झालं की समुद्रातला मासा एकदा तरी स्वतःच्या हाताने काढावा असं वाटायला लागतं. दिवाळी संपली की ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतंच, "मालवणला चाललोय भाऊ, होडी कशी ठरवू?"

तिथे दोन तऱ्हा आहेत. एक म्हणजे खडपाशी, म्हणजे समुद्राखालच्या खडकाळ भागाशी, नांगर टाकून खाली आमिष सोडायचं. दुसरी म्हणजे इंजिन बंद करून होडी खडपावरून वाहू द्यायची आणि धातूचा जिग, म्हणजे गळ लावलेलं नकली आमिष, खालीवर नाचवायचा. मी दोन्ही केल्या आहेत. पहिल्यांदा जाणाऱ्याने नांगरावरच जावं, हे माझं ठाम मत.

धुळे-नंदुरबारकडचे लोक म्हणतात, सुरत जवळ आहे, तिकडेच जाऊ. जवळ आहे, पण खडपावरच्या माशासाठी उपयोगाचं नाही. तापी, नर्मदा, मही, साबरमती या सगळ्या नद्या खंभातच्या आखातात गाळ ओततात, आणि भावनगरच्या बाजूला भरती-ओहोटीचा फरक १० मीटरच्या घरात जातो. तो गाळ खाली बसतच नाही. त्यापेक्षा भुसावळला मंगला एक्सप्रेस धरा. मनमाड, नाशिक, कल्याण करत ती कोकण रेल्वेला लागते.

आता मासा. तांबोशी (रेड स्नॅपर), विशेषतः लहान-मध्यम आकाराची, थव्याने राहते, आणि थवा बहुधा खडपाच्या त्या अंगाला असतो जिकडून पाणी येतं. वाहत येणारं खाणं आधी त्याच्या तोंडाशी यावं म्हणून. हेकरू (ग्रूपर) मात्र एकटा, आपली कपार धरून बसणारा. म्हणून नांगराचा सगळा खेळ जागेचा आहे. चांगला तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, खडपावर नांगर कधीच टाकत नाही. तो पुढे वाळूत टाकतो आणि दोर सोडत सोडत होडी मागे नेतो, थेट थव्याच्या डोक्यावर. नांगर वाळूत राहिला की प्रवाळ मोडत नाही, आणि निघताना नांगर अडकून दोर कापायची वेळही येत नाही. होडी ठरवतानाच तांडेलकाकांना हे विचारून घ्या. उत्तर ऐकूनच माणूस कळतो.

होडी स्थिरावली की चेचलेल्या तारलीचा (एक छोटा तेलकट मासा) चुरा थोडा थोडा पाण्यात सोडतात, म्हणजे थवा हलत नाही. गळाला कोळंबी लावली तर बारके मासे कुरतडून नेतात. म्हाकूळ (स्क्विड) चिवट, ते टिकतं. हातात नुसती दोरी, खाली शिसं. दोरी तर्जनीवरून घ्यायची, आणि त्या बोटाला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळायची, नाहीतर कातडी चिरते. वीसेक मीटरवर शिसं टेकलं की बोटाला ठक्क असं कळतं. खडक असेल तर कडक, वाळू असेल तर मऊ. मग हातभर वर घेऊन थांबायचं. तांबोशी आधी दोनदा टोकते, टक, टक, आणि तिसऱ्यांदा ओढते. इथेच आपला तापीचा हात फसतो. रोहूला आपण दोरी सैल देतो, दमवतो. इथे पहिल्या झटक्यात दोन-तीन हात दोरी वर घेतली नाही, तर मासा कपारीत शिरतो आणि गळ, शिसं, मासा सगळं गेलंच म्हणायचं. माझे पहिले चार गळ असेच गेले आणि मला खूप वाईट वाटलं होतं.

वाहत्या होडीची मजा वेगळी आहे, ती मी नाकारत नाही. तांडेल थव्याच्या वरच्या अंगाला होडी नेतो, तुम्ही ६०-८० ग्रॅमचा जिग तळापर्यंत सोडता, आणि होडी थव्यावरून सरकेपर्यंत जी काही मिनिटं मिळतात तेवढ्यात झटके देत वर आणता. मग पुन्हा वर जायचं. खडप मोठं असेल, थवा सापडत नसेल, तर हीच पद्धत बरी, कारण बसल्या जागी वाट बघावी लागत नाही. पण गळ-रीळ चांगलं लागतं, मनगट तयार लागतं, आणि डिझेल जास्त जळतं म्हणून होडीचं भाडंही चढतं. शिवाय वाहती होडी लाटांना आडवी पडते आणि डुलते. नांगरावरची होडी तोंड पाण्याकडे करून असते, तरी पोट ढवळतंच, पण कमी. मुलं किंवा वडीलधारे सोबत असतील तर एवढ्याच कारणासाठी नांगर. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून, निघायच्या आधीच घ्यायची.

तिथीचं भान मात्र दोन्हीकडे हवं, आणि नदीकाठच्या आपल्या माणसाला ते नसतं, कारण तापी एकाच दिशेने वाहते. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं. पाणी जोराने ओढतं, गढूळ होतं, दीडशे ग्रॅमचं शिसंसुद्धा तळाला टिकत नाही. अष्टमी ते एकादशीच्या सुमाराला भांग असते, पाणी मंद चालतं. नांगरावर जाणाऱ्याने भांगेचेच दिवस धरावेत. वाहत्या होडीला थोडी ओढ चालते, ठार थांबलेलं पाणी तिला उलट नको असतं.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला बंदी असते, तेव्हा विचारूही नका. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत पाणी निवळ असतं. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७चं आहे, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या गाभ्यात मासेमारी चालत नाही. तिथे नेतो म्हणणाऱ्याला सरळ नकार द्या. विजयदुर्गच्या पश्चिमेला १०५ किलोमीटरवर आंग्रे बँक हे समुद्रात बुडालेलं प्रवाळाचं पठार आहे, पण ते एका दिवसाच्या होडीचं काम नव्हे.

एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. २० मीटरवर पाण्याचा दाब वरच्यापेक्षा तिप्पट असतो. तिथून झपाट्याने ओढलेल्या माशाच्या पोटातली हवेची पिशवी फुगते, कधी जठर तोंडातून बाहेर येतं. तो मासा सोडला तरी पोट वर करून तरंगत राहतो. म्हणून "फोटो काढून सोडून देऊ" हा हिशेब इथे चालत नाही. थवा सापडला की दहा मिनिटांत दहा मासे येऊ शकतात, दोन्ही पद्धतींत. घरी लागतील तेवढे झाले की दोरी गुंडाळा आणि तांडेलला होडी वळवायला सांगा.

बर्फ निघतानाच घ्या, आणि त्यात थोडं समुद्राचं पाणी घाला, मासा चटकन गार होतो. थर्माकोलच्या खोक्यात दोन-तीन मासे नीट बसतात. घरी काळ्या मसाल्याचा रस्सा करायचा तर मसाला नेहमीच्या निम्मा घाला आणि तांबोशीचे तुकडे रस्सा उकळल्यावर शेवटी सोडा. सात-आठ मिनिटं पुरतात.