थंडीत रुसणारी गाडी: आधी स्कॅनर की मल्टिमीटर?

डिसेंबरात रंकाळ्यावर धुकं उतरलं की आमची गाडी सकाळी नुसती ‘टक्’ करायची. दहा वाजता उद्यमनगरात न्यावी, तर एका चावीत चालू! मेकॅनिकला दाखवणार काय?

स्कॅनर म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र; तो काही मिनिटांत तिथे साठलेले बिघाडाचे कोड दाखवतो. एबीएस (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) किंवा एअरबॅगचा दिवा अधूनमधून लागत असेल तर तोच हवा. पण बॅटरी दबली की भलतेच चार-पाच कोड येतात आणि लोक चांगले सेन्सर बदलून बसतात. जीव तुटतो बघून.

म्हणून स्टार्टिंगच्या तक्रारीला मी आधी मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज मोजायचा मीटरच लावेन, तोही पहाटे, इंजिन गार असतानाच. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. स्टार्टर फिरताना साधारण ९.६ च्या खाली जाऊ नये. मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर धरा आणि घरातल्या कुणाला तरी चावी मारायला सांगा. ०.५ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर अर्थिंगची वायर (बॅटरीचं निगेटिव्ह टोक इंजिन-बॉडीला जोडणारी) किंवा तिचा जोड खराब. थंडीत धातू आकसतो, सैल जोड सुटतो. ऊन लागलं की पुन्हा टेकतो. स्कॅनरला हे दिसत नाही.

आमच्या अर्थिंगच्या वायरीच्या लगखाली (टोकाच्या धातूच्या कडीखाली) हिरवट पूड साचली होती. बॅटरीची वायर काढून लग पॉलिश पेपरने घासला, बोल्ट आवळला. दुसऱ्या दिवशी सहाला पहिल्या चावीत चालू.