अडगळीतली इस्त्रीची फळी: कोरड्या इस्त्रीला पास, वाफेला काठावर

कपाटाची सुटलेली फळी, विरलेली सुती चादर, जुनं लोकरी ब्लँकेट आणि मूठभर स्टेपल पिना एवढ्यात इस्त्रीची फळी तयार होते. विकतच्या हलक्या घडीच्या बोर्डाशी ती ताडून पाहिली तर निकाल असा: शर्ट, पँट, चादरी, अभ्रे यांना घरची फळी सरस. ती डगमगत नाही, आणि पातळ स्पंजाखालच्या जाळीची नक्षी कपड्यावर उमटण्याची भानगडही नाही. वाफेच्या इस्त्रीखाली मात्र ती लवकर दमते. आणि चांगली फळी आणि टाकाऊ फळी यांतला फरक लाकडात कमी आणि त्यावरच्या गादीत जास्त असतो. बहुतेक जण नेमकं उलटं करतात, लाकूड निवडायला दोन दिवस घालवतात आणि गादीच्या जागी हाताला लागेल ती चिंधी कोंबतात.

लाकडाचं आधी उरकून घेऊ. १२ मिमी प्लायवूड पुरतं. ११० बाय ३५ सेंमीची फळी साधारण तीन किलो भरते, एका हाताने उचलता येते. १८ मिमी घेतलं तर वजन साडेचार किलोच्या आसपास जातं आणि रोज काढ-घाल करायचा कंटाळा येतो. भुशाचा पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) नापास: ओल शिरली की कडा फुगतात, आणि फुगलेल्या कडेत पिना टिकत नाहीत. खोक्याचा पुठ्ठा तीन-चार थर चिकटवून वापरतात तोही तात्पुरताच. ओल लागली की मधोमध पन्हळ पडते. सनमायका लावलेली फळी असेल तर सनमायका खाली आणि उघडं लाकूड वर ठेवावं, म्हणजे गादी सरकत नाही. एक टोक १५ सेंमीपर्यंत निमुळतं कापलं की शर्टाचा खांदा त्यावर नीट चढतो. कडा आधी ८० आणि मग १२० नंबरच्या पॉलिश पेपरने गोल कराव्यात. इथे आळस केला तर आवरण पहिल्यांदा कडेवरच फाटतं.

आता गादी. दाबलेल्या अवस्थेत तिची जाडी ६ ते ८ मिमी हवी. त्याहून पातळ असेल तर शिलाईच्या आतली दुमड कपड्याच्या दर्शनी बाजूला चकचकीत रेघ होऊन दिसते, गडद पँटवर तर लगेच. जाड झाली तर उलटा त्रास: इस्त्री गादीत रुतते, तिच्या पुढे कापडाची लाट तयार होते आणि कॉलर कितीही वेळा फिरवली तरी कडक होत नाही. शर्टाची बटणपट्टी ही गादीची खरी परीक्षा. पट्टी उलटी, म्हणजे बटणं खाली करून ठेवायची आणि मागून इस्त्री फिरवायची. गादी योग्य असेल तर बटणं तिच्यात अर्धी बुडतात आणि दोन बटणांमधलं कापड सपाट होतं. चुकीची असेल तर प्रत्येक बटणाभोवती चुण्यांचं कडं राहतं.

गादीसाठी लोकरी ब्लँकेटचे दोन थर उत्तम. ते नसेल तर जाड सुती चादरीचे सात-आठ थर चालतात, फक्त ते काही महिन्यांत चेपतात. मऊ, गुबगुबीत, चकाकी असलेली ब्लँकेटं बहुधा पॉलिएस्टरची किंवा ॲक्रिलिकची असतात, ती नकोत. शंका असेल तर एक धागा ओढून चिमट्यात धरून जाळून पाहावा: सुती धागा कागद जळल्याच्या वासाने राख होतो, लोकरीला केस जळल्याचा वास येतो, आणि कृत्रिम धागा वितळून टोकाला कडक मणी धरतो. मणी दिसला की ते ब्लँकेट बाद. इस्त्रीवरच्या खुणांचा साधारण हिशोब एक ठिपका ११०, दोन १५० आणि तीन २०० अंश सेल्सिअस असा असतो. सुती कपड्यांच्या तीन ठिपक्यांवर कृत्रिम थर आवरणाखालीही मऊ पडतो आणि त्याची जागोजागी ढेकळं होतात. स्पंज, थर्माकोल, रेक्झिन यांचा विषयच नको. उष्णता परतवायला वेफर्सची चकचकीत पाकिटं उलटी करून घालण्याची युक्तीही फसवी आहे: तो धातूचा पत्रा नसून धातूचा मुलामा दिलेलं प्लास्टिक असतं.

खरा ॲल्युमिनियम फॉइल घालावा का? कोरड्या इस्त्रीला हो. लाकूड आणि गादी यांच्यामध्ये एक थर घातला की उष्णता वर परतते, शिवाय प्लायचा तपकिरी डाग गादीत चढत नाही. वाफेच्या इस्त्रीला अजिबात नको, कारण वाफ फॉइलवर अडते आणि तिचं पाणी गादीतच मुरतं.

आवरणाला पांढरं किंवा फिकट सुती कापड घ्यावं. गडद रंग ओलीने सुटून शर्टावर उतरतो. ते आधी एकदा गरम पाण्यातून काढावं, नाहीतर पुढे आटून पिना ओढतं. ११० बाय ३५ च्या फळीला चारही बाजूंनी १० सेंमी जास्त, म्हणजे १३० बाय ५५ सेंमी कापड लागतं. लावताना ते किंचित दमट असावं. वाळताना आपोआप ताणलं जातं. पिना मारायचा क्रम महत्त्वाचा आहे. फळी उलटी करून लांब बाजूच्या मध्यावर पहिली पिन, मग समोरच्या बाजूच्या मध्यावर ओढून दुसरी, आणि तिथून आलटून पालटून टोकांकडे. एका कोपऱ्यापासून सुरुवात केली की तिरपा ताण बसतो आणि आवरणावर कायमची तिरकी सुरकुती पडते, जी नंतर प्रत्येक कपड्यावर उमटते. पिना ८ मिमीच्या, चार-पाच सेंमी अंतरावर आणि फक्त खालच्या बाजूला. कडेवर मारलेली पिन ओलीने गंजते आणि कपड्याला लालसर ठिपका देते. गादी किंवा आवरण फेव्हिकॉलने चिकटवू नये, उष्णतेने आणि ओलीने तो सुटतो.

धुण्यासाठी आवरण काढता यावं असं वाटत असेल तर पिनांऐवजी कडेला २ सेंमीची पट्टी दुमडून त्यात सुती नाडी ओवावी. पिनांइतका ताण येत नाही, पण सोय मोठी आहे.

वाफेचं दुखणं लाकडातच आहे. विकतच्या बोर्डाची लोखंडी जाळी वाफ खाली जाऊ देते, प्लाय तिला अडवतं. पाच-सहा शर्ट झाले की गादी दमट होते आणि त्यापुढचे कपडे गरम असूनही लुळे निघतात. सुती धाग्यातल्या चुण्या ओल आणि उष्णता मिळून सैल होतात खऱ्या, पण आकार पक्का बसतो तो कापड कोरडं होताना. दमट गादीवर ते कोरडं होतच नाही, आणि तशीच घडी घातली की कपाटात पुन्हा चुरगळतं. फळीत ८ सेंमी अंतराने ८ मिमीची भोकं पाडून खाली २ सेंमी उंचीच्या दोन लाकडी पट्ट्या आडव्या ठोकल्या तर बराच फरक पडतो. भोकांच्या कडा घासून गुळगुळीत कराव्यात. इतकं करूनही रोज वाफेचीच इस्त्री असेल तर जाळीचा बोर्ड विकत घेतलेला बरा.

पाय घरी करण्याच्या फंदात पडू नये. कात्रीसारखे पाय मधल्या बोल्टवर झिजतात आणि हलतात, आणि हलत्या फळीवर गरम इस्त्री हा खेळ नाही. भक्कम टेबल शोधावं. फळीचा पृष्ठभाग कोपरापासून १० ते १५ सेंमी खाली आला की कंबर वाकत नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबचे चार तुकडे खाली ठोकले की फळी सरकत नाही. टेबलाला पॉलिश असेल तर मध्ये जाड कापड घालावं, नाहीतर ओलीने पांढरे डाग धरतात.

इस्त्री टेकवायला रुंद टोकाला फरशीचा एक तुकडा ठेवावा. नव्या फळीवर पहिला कपडा घेण्याआधी कोरडी गरम इस्त्री पाचेक मिनिटं नुसतीच फिरवावी, गादीतली ओल निघून जाते. इस्त्री एका जागी थांबवू नये. पुढे आवरण एका ठिकाणी पिवळं पडायला लागलं की जुन्यावरच नवं ओढू नये: जुनं काढून गादी उलटी करावी, चेपलेली बाजू खाली जाते आणि तीच गादी आणखी काही महिने चालते.