जुनी ज्युबिली चेन : वजनावर जाऊ नका

काकांनी 1983 साली बहारीनला नोकरीत असताना रोलेक्स डेटजस्ट हे मनगटी घड्याळ घेतलं. ते आता मी वापरतो. आज लिहितोय ते त्याच्या चेनबद्दल : स्टीलची ज्युबिली (पाच कड्यांच्या ओळींची), क्रमांक 62510एच.

‘ओरिजिनल चेन वजनदारच असते’ हे घड्याळांच्या दुकानात हमखास ऐकायला मिळतं. आताच्या रोलेक्सबाबत ते बरोबर आहे, त्यांच्या कड्या भरीव असतात. पण या जुन्या ज्युबिलीच्या मधल्या बारीक कड्या पोकळ, घड्याळाच्या डबीला (केसला) बसणारे टोकाचे तुकडे पत्रा वळवून केलेले, आणि लॉकचं पातं पातळ. हलवली की खुळखुळते. एका दुकानदाराने त्या आवाजावरूनच ती डुप्लिकेट ठरवली आणि ‘चांगली जड’ चेन बसवून द्यायला निघाला. अशानेच अस्सल चेन हातच्या जातात, याचा मला मनापासून राग येतो.

मित्राने ऑनलाइन घेतलेली ‘ओरिजिनल’ ज्युबिली मी शेजारी ठेवून भिंगातून पाहिली. त्याची जास्त जड. मग दोन्ही लॉक उघडली. काकांच्या चेनच्या पात्यावर ‘स्टीलइनॉक्स’, ‘स्विस मेड’ ही अक्षरं धातूत ठोकलेली आहेत, नखाला लागतात. मित्राच्या चेनवर तीच अक्षरं उथळ, करडी, कडेला जळकट. शिवाय लॉकच्या पात्यावर ठोकलेला, चेन कधी बनली ते सांगणारा कोड. संग्राहकांच्या हिशेबात 1976 म्हणजे ‘ए’, तिथून दर वर्षी पुढचं अक्षर, आणि अक्षरापुढे महिना. काकांचा ‘एच8’, म्हणजे ऑगस्ट 1983. बिल त्याच वर्षीच्या नोव्हेंबरचं. मित्राला चेन 1979 ची म्हणून विकली होती आणि ठसा ‘एल’चा, म्हणजे 1987! अर्थात कोड जुळला म्हणून चेन खरी ठरत नाही, नक्कल करणाराही अक्षर ठोकू शकतो. आणि कोडात जादा ‘एस’ असेल तर ती सर्व्हिसमध्ये बदललेली अस्सल चेन असू शकते. तिचं साल घड्याळाशी जुळणार नाही.

टोकाच्या तुकड्यामागचा 555 हा आकडाही बघा. पण त्याहून महत्त्वाचं, तो तुकडा डबीला कसा बसतो ते. आमचा नीट बसतो, मित्राच्या चेनला उजवीकडे फट दिसते आणि तुकडा हलतो. कड्यांवरून उलटा अंगठा फिरवा. अस्सल चेन सहसा कुठे अडकत नाही. नकली बऱ्याचदा हातावरचे केस ओढते.

वापरायला ही चेन फार सुखाची आहे. मनगटावर कापडासारखी पडते, मुंबईच्या घामातही टोचत नाही. दोष एकच, ती वापरून ताणली जाते. घड्याळ आडवं धरलं की आमची चांगलीच लोंबते. चाळीस वर्षं वापरलेल्या चेनमध्ये ते चालतं, फक्त किंमत त्या मानाने कमी व्हायला हवी.

घेणार असाल तर उघड्या लॉकच्या आतल्या पात्याचा आणि टोकाच्या तुकड्यांच्या मागच्या बाजूचा फोटो आधी मागा. बंद लॉकचेच फोटो पाठवणाऱ्याकडून मी घेत नाही.