एफपीएल ड्राफ्ट, काही महिन्यांनंतर: डिफेंडरचा ट्रेड तोलताना

ऑगस्ट २०२५ पासून एफपीएल ड्राफ्ट खेळतोय, म्हणजे इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या खऱ्या फुटबॉलपटूंची टीम बनवायची आणि त्यांच्या खेळावर आपल्याला गुण मिळतात तो खेळ. एवढ्या महिन्यांत सगळ्यात जास्त डोकं कुठे लागलं असेल तर डिफेंडरच्या ट्रेडमध्ये, म्हणजे आपापसातल्या अदलाबदलीत. हालंडसारखा गोल करणारा स्ट्रायकर ज्याला मिळाला तो त्याला सोडत नसतो, तिथे बोलणंच खुंटतं. डिफेंडर मात्र प्रत्येकाकडे पाच असतात, त्यातले दोन तरी नकोसे झालेले असतात, आणि खरा बाजार तिथेच भरतो.

नेहमीचं फॅन्टसी प्रीमियर लीग खेळणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. ड्राफ्टमध्ये १०० मिलियनचं बजेट नाही, कॅप्टन नाही, चिप्स (ठरावीक वेळाच वापरता येणाऱ्या खास सवलती) नाहीत. आळीपाळीने खेळाडू उचलायचे आणि लीगमध्ये एक खेळाडू एकाचाच. आमची लीग आठ जणांची, सगळे ऐरोलीच्या ऑफिसमधले, हेड टू हेड, म्हणजे दर आठवड्याला एकाची टीम दुसऱ्याच्या टीमशी भिडते. पैसे लागत नाहीत. आमच्यातले दोघे आधी दुसरीकडे पैसे लावून टीम बनवायचे. ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा आला आणि ते मुकाट इकडे आले.

आता मुद्द्याचं. २०२५-२६ च्या हंगामापासून डिफेंडरला बचावाच्या कामाचे गुण मिळायला लागले. क्लिअरन्स, ब्लॉक, इंटरसेप्शन आणि टॅकल मिळून एका सामन्यात १० झाले की २ गुण. पुढे वीस केले तरी दोनच. (मिडफिल्डर आणि फॉरवर्डला १२ लागतात, पण त्यांच्या रिकव्हरीही धरतात.) ह्या एका नियमाने डिफेंडरचे भाव पार उलटेपालटे केले, आणि आमच्या ग्रुपमधल्या अर्ध्या लोकांच्या ते दिवाळीपर्यंत लक्षातच आलं नाही.

हिशोब करून बघा. टीम ०-२ ने हरली. पूर्ण वेळ खेळल्याचे २, दोन गोल खाल्ल्याचा उणे १. फुलबॅकच्या, म्हणजे कडेच्या डिफेंडरच्या, हातात उरला १. त्याच टीमच्या सेंटर बॅकने, म्हणजे मधल्या डिफेंडरने, दहा क्लिअरन्स-ब्लॉक केले असतील तर त्याचे ३. आठवड्याला दोन गुण म्हणजे किरकोळ वाटतात, पण हेड टू हेडमध्ये आम्ही दोन गुणांनी हरून आठवडाभर कॅन्टीनमध्ये टोमणे खाल्लेत.

सप्टेंबरमध्ये आमच्या लिव्हरपूलवाल्याने मला ऑफर दिली: त्याचा केरकेझ घे, तुझा टारकोव्स्की दे. लिव्हरपूल गतविजेते, पहिले पाचही सामने जिंकलेले, केरकेझ बोर्नमथहून नुकताच आलेला. वर फोन करून म्हणतो, "अरे चॅम्पियन टीमचा लेफ्ट बॅक देतोय भावा, आणि तू एव्हर्टनच्या म्हाताऱ्याला कवटाळून बसलायस!"

ऐकायला सौदा गोड होता. पण पाच विजयांत क्लीन शीट (एकही गोल न खाल्लेला सामना) दोनच, आर्सेनल आणि बर्नलीविरुद्ध. त्यातही बर्नलीच्या सामन्यात केरकेझला डाइव्हचं पिवळं कार्ड मिळालं आणि कोच स्लॉटने त्याला पूर्वार्धातच बाहेर काढून रॉबर्टसनला उतरवलं. क्लीन शीटचे ४ गुण मिळायला ६० मिनिटं मैदानावर लागतात. टीमने गोल खाल्ला नाही, ह्याला मात्र शून्य: खेळल्याचा १, कार्डाचा उणे १. रॉबर्टसनसारखा माणूस बाकावर बसलेला असताना फुलबॅकची मिनिटं कधीच पक्की नसतात, आणि ट्रेडमध्ये मी सगळ्यात आधी मिनिटंच बघतो. नाव, क्लब, जर्सी सगळं नंतर. लिव्हरपूल पुढचे चार लीग सामने ओळीने हरलं, ते तेव्हा कुणालाच दिसत नव्हतं. पण मिनिटांचा धोका समोर दिसत होता, तेवढं नकाराला पुरे होतं.

टारकोव्स्की म्हणजे आपल्या मुंबईच्या जुन्या रणजी टीमचा खडूस बॅट्समन. बघायला कंटाळा, पण उभा राहतो. एका शनिवारी रात्री नेरूळला घरी बसून त्याच्या बचावाच्या कामांचा आकडा बघत होतो. ८० व्या मिनिटाला ९. मग आठ-नऊ मिनिटं बॉल त्याच्याकडे फिरकेनाच. शेवटी समोरच्या टीमला कॉर्नर मिळाला, ह्याने डोक्याने बॉल बाहेर फेकला, आकडा १० झाला आणि मी ओरडलो. आईने आतून विचारलं, "गोल झाला का रे?" एव्हर्टनच्या क्लिअरन्सवर ओरडलो हे तिला कसं समजावणार!

सेंटर बॅक निवडतानाही एक मेख आहे. बॉल सतत स्वतःकडे ठेवणाऱ्या टीमच्या सेंटर बॅकला क्लिअर करायला फारसं काही येतच नाही. तिथे क्लीन शीट जास्त, हे दोन गुण कमी. दबावाखाली खेळणाऱ्या टीममध्ये नेमकं उलट. म्हणून बोर्नमथच्या सेनेसीसारखा खेळाडू, ज्याला आमच्या ड्राफ्टमध्ये कुणी हातही लावला नव्हता, तुर्भ्याच्या मित्राने वेव्हरवर, म्हणजे कुणाकडेच नसलेल्या खेळाडूंच्या यादीतून, फुकटात उचलला आणि आता तो कुणाच्या बापाला देत नाही. दोन्हीकडून गुण देणारे विरळा. आर्सेनलचा गॅब्रिएल त्यातला, वर कॉर्नरवर गोलही करतो. पण नोव्हेंबरच्या आंतरराष्ट्रीय ब्रेकमध्ये ब्राझीलकडून सेनेगलविरुद्धच्या मैत्री सामन्यात तो जखमी झाला. तेव्हापासून ब्रेक चालू असताना मी कुठलाच ट्रेड पक्का करत नाही, खेळाडू धडधाकट परत आला की मगच बोलतो.

कॅलेंडर बघणं हे दुसरं काम. आफ्रिकी देशांचा आफ्रिका कप २१ डिसेंबर ते १८ जानेवारी होता, त्यासाठी तिथले खेळाडू क्लब सोडून देशाकडून खेळायला जातात. नेहमीच्या एफपीएलमध्ये त्यासाठी सगळ्यांच्या फ्री ट्रान्सफर पाचपर्यंत भरून दिल्या. ड्राफ्टमध्ये ट्रान्सफरचं ते गणितच नाही. माझ्याकडे वॉन-बिसाका होता, काँगोकडून खेळणारा. एकाने स्वतःहून मागितला. आमच्याकडे प्रत्येक ट्रेड अ‍ॅडमिन मंजूर करतो, त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "त्याला काँगोचं माहितीये का?" नव्हतं. मी त्या मागणाऱ्याला सांगितलं, ट्रेड बारगळला. रोज एकाच लोकलने जायचं असतं, असले गुण पचत नाहीत. अनोळखी लोकांच्या लीगमध्ये सांगितलं असतं का? बहुधा नाही.

मध्ये एका अ‍ॅपचं महिन्याचं सबस्क्रिप्शनही घेऊन पाहिलं, ट्रेड तोलून देतो म्हणणारं. दोन्ही खेळाडूंचे आतापर्यंतचे गुण शेजारी मांडून हिरवा किंवा लाल रंग दाखवतं, एवढंच. बाकावर कोण बसलाय, पुढचे सामने कुणाशी आहेत, कशाचा पत्ता नाही. एवढं तर मी ऐरोली येईपर्यंत ट्रेनमध्ये उभ्या उभ्या करतो.

लीग काढणार असाल तर किमान आठ जण जमवा. चौघांत प्रत्येकी पाच म्हणजे वीसच डिफेंडर उचलले जातात, वेव्हरवर इतके चांगले उरतात की ट्रेडसाठी कुणी कुणाला विचारतही नाही. आणि ट्रेडची मंजुरी अ‍ॅडमिनकडे ठेवा, मतदानावर नको. मतदानात लोक सौदा बघत नाहीत, आपल्या वरच्या नंबरवर कोण आहे ते बघून मत देतात.