पहिलारू गाईसाठी घरपोच कृत्रिम रेतन सेवा : एक अभिप्राय

आमच्या पहिलारू, म्हणजे पहिल्यांदाच व्यालेल्या, खिलार गाईचा माज (पुन्हा फळण्याची वेळ) लांबला, तेव्हा तालुक्यातील एका खासगी घरपोच रेतन सेवेला आम्ही बोलावले आणि ती सेवा मला मनापासून आवडली. पहिलारू गाय स्वतः अजून वाढत असते, शिवाय वासराला पाजत असते, त्यामुळे खाल्लेल्या वैरणीतून माजाच्या वाट्याला सर्वांत शेवटी येते. हे जाणून पशुवैद्यकांनी इंजेक्शनची घाई न करता गाईच्या बरगड्या चाचपल्या, व्याल्यानंतर वार (गर्भवेष्टन) वेळेवर पडली होती का ते विचारले, खुराक व खनिज मिश्रण वाढवायला सांगितले आणि वासरू दिवसभर कासेला न सोडता फक्त सकाळ-संध्याकाळ पाजण्याचा सल्ला दिला. माझ्या मते या सेवेचे खरे मोल इथेच आहे.

पुढे एका सकाळी माजाचा काचेसारखा स्वच्छ सोट (योनीतून येणारा चिकट स्राव) दिसताच फोन केला, त्याच संध्याकाळी ते आले. द्रव नायट्रोजनच्या पात्रातून काढलेली रेतकांडी (वळूचे गोठवलेले वीर्य भरलेली बारीक नळी) त्यांनी तापमापीने मोजलेल्या 37 अंश सेल्सिअसच्या पाण्यात अर्धा मिनिट धरली, कोरडी पुसली आणि तिच्यावरील वळूचा क्रमांक आम्हाला दाखवून नोंदवहीत लिहिला.

उणीव एकच, पण महत्त्वाची आहे. 21 दिवसांनी गाय उलटली नाही, म्हणजे पुन्हा माजावर आलेली दिसली नाही, म्हणून ती गाभणच आहे असे नसते, कारण माज मुकाही, म्हणजे बाहेरून लक्षणे न दिसणाराही, असू शकतो. म्हणून 60 ते 90 दिवसांतील गर्भतपासणी याच शुल्कात धरावी आणि तिची आठवणही सेवेनेच करून द्यावी.